पेटी क्रमांक अकरा

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये डोंगर ठेवलाय,
लाकडी पेट्यांत, मीटर-मीटर कापून
निजवलेला.
वर पत्रा. पंखा एकच, तोही रजेवर असल्यासारखा.

नऊ जणं आली पहाटेच्या एस.टी.ने.
झमकुबेन, नारसिंग, रेमलो,
रेमल्याची बारावीतली रिंकल, बाकीचे.
मी दांडिया बाजारची: घरात मराठी, बाहेर गुजराती,
अहवालात इंग्रजी.
त्यांची राठवी मला तीन शब्दांपुरती येते:
पाणी, वाट आणि नाही.
बैठकीला तेवढी पुरते.

ग्रामसभेत मी नकाशा उलगडला होता.
कुणी मान हलवली नाही.
"डोंगर नेलास कुठे, ते आधी दाखव,"
झमकुबेन म्हणाली होती,
म्हणून ही सहल. कंपनीच्या खर्चाने. भज्यांची पावती माझ्या पर्समध्ये.

सांगते मी: यांना दुर्मिळ मृदा म्हणतात.
नाव फसवं आहे, फारसे दुर्मिळ नाहीत
आणि माती तर नाहीतच.
चुंबकात जातात, पवनचक्कीत,
विजेवरच्या गाड्यांत.
"मग गाडी आमच्या फाट्याच्या पुढे का येत नाही?"
रिंकल हसते. मी लिहून घेते
सूचनांच्या रकान्यात.

झमकुबेन तांब्या मागते.
मला वाटतं तहान.
ती पाणी ओतते दगडावर, तळव्याने पसरते,
आणि करड्यातून जांभळा वर येतो.
आम्हीही असंच वाचतो दगड, ओला करून.
मला पाच वर्षं लागली होती शिकायला.

"हे भोक कुठलं?"
बी.एच. सात, मी म्हणते. अक्षांश सांगते.
"नाही. हे टेबलीच्या महुड्याखालचं."
रेमलो खडू मागतो.
दुपारभर रिंकल पेट्यांवर लिहीत राहते:
टेबलीचा महुडा. रेड्यांचं पाणी.
जिथे खुमानची बकरी पडली.

नारसिंग बोलतो शेवटी, उकिडवा बसून.
भोकं बुजवायची. विहिरीचं पाणी आमची पोरं तपासतील,
यंत्र गावातच राहील, कुलपाची किल्ली दोघींकडे.
आणि देवाच्या अंगाला हात नाही.
मी लाल रेघेवर बोट ठेवते, म्हणते
हद्द दिल्लीतून ठरून आलीय.
"काढली कुणी?"
मी.
"मग खोडरबर नाहीये का तुझ्याकडे?"

अकराव्या पेटीशी झमकुबेन थांबली.
"झाकण लाव. एवढ्या उजेडाची सवय नाही त्याला."
मी वळले झाकण आणायला.

संध्याकाळी मोजदाद.
पेटी अकरा: बारा सेंटिमीटर कमी.
रजिस्टरात रकाना असतो, कारणाचा.
ड्रिलिंगमध्ये चुरा. चाचणीसाठी पाठवला. वाहतुकीत फुटला.
पेन उघडं धरून बसलेय.
एस.टी. आता बोडेलीच्या पुढे गेली असेल,
खिडकीशी कुणाच्या पदराची गाठ
ओली असेल अजून.