लिटरभर फोम

दहा सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच.
करवतीच्या पात्यानं कापलेला तुकडा
मी वर्तमानपत्रात गुंडाळला
आणि सांवेर रोडवरून स्कूटरनं सराफ्यात आणला.

झमकलाल सोनींनी काट्यावर फुंकर मारली
तर माझा तुकडाच उडाला.
"भिया, ये क्या ले आए?"
पुन्हा ठेवला, काचेचं दार लावलं.
अठ्ठावीस ग्रॅम, वर चार दशांश.
बिलावर छत्तीस आहे.

लिटरमागे जितके ग्रॅम
घनमीटरमागे तितकेच किलो.
इतकं सोपं गणित आहे
म्हणून कुणी करत नाही.

तोलाईचे पैसे विचारले, तर हसले:
"हवा तौली है, हवा के क्या लूँ?"

खरं तर बरोबरच बोलले.
लोकमान्यनगरच्या टांकसाळे बाईंना
हेच मी सोमवारी तासभर सांगत होतो.
माठ घेताना वाजवतात तशी
त्या शीट बोटांनी वाजवून बघत होत्या.
"पन्नासची नाही का हो? जड असेल तेच टिकतं."
बाई, ऊन अडवतो तो फोम नव्हे.
त्याच्या बारीक बारीक खोल्यांत
हलायला जागा न मिळालेला वायू अडवतो.
भिंती फार जाड केल्या
तर ऊन भिंतीभिंतीनंच आत येतं.
फार पातळ केल्या
तर पाय ठेवाल तिथं गच्ची बसते.

मग खडूनं त्यांच्या गच्चीवर रेघा मारल्या.
इथं टाकीचे पाय येतील: पंचेचाळीस.
इथं तुम्ही कुरडया घालणार, नातू सायकल फिरवणार: छत्तीस.
पश्चिमेच्या भिंतीला चोवीस पुरे,
तिच्यावर कुणी उभं राहणार नाही,
तिला नुसतं उन्हाकडे तोंड करून उभं राहायचंय.
बाई म्हणाल्या, "म्हणजे सगळ्यांना सारखं नाही."
नाही.

ट्रक अजून गोदामापुढं उभा आहे.
माल परत पाठवतोय म्हटल्यावर
फोनवर नीलेश डागा म्हणतो,
"उन्नीस-बीस तो चलता है, भिया."
मी म्हटलं, हे अठ्ठावीस-छत्तीस आहे.
आवाज चढला माझा.
ड्रायव्हर बिडी विझवून बघत राहिला.

आवाज का चढला ते मला ठाऊक आहे.

नऊ वर्षांपूर्वी पालद्याच्या एका गच्चीवर
हाच आकडा मीच बदलला होता.
ओझं वाहणाऱ्या जागेवर अठ्ठावीस घातली,
वरून काँक्रीट, वरून पांढरी फरशी,
बिलावर सुबक अक्षरात छत्तीस.
अकरा हजार वाचले. स्कूटरचे हप्ते होते.
तिसऱ्या वर्षी घोडगावकरांनी बोलावलं.
टाकीचे चारही पाय अर्धा इंच खाली गेलेले,
उतार फिरलेला,
पाणी नळीकडे जायचं सोडून जिन्याकडे.
त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला
आणि जरा ओशाळून म्हणाले,
"चूक माझीच. हजाराची सांगितली होतीत तुम्ही,
मी दीड हजाराची टाकी चढवली."

मी मान हलवली.
चहा पूर्ण प्यायलो. बशीसकट.

तुकडा आता टेबलावर आहे.
फोनवर बोलता बोलता त्यावर अंगठा दाबतो,
खड्डा पडतो,
सोडला की अर्धा वर येतो.
अर्धा राहतो.

टांकसाळे बाईंचा माल गुरुवारी येईल,
ट्रक उतरायच्या आधी
त्यांच्याच स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलू.
रविवारी पालद्याला जाणार आहे.
घोडगावकरांना फोन केला, विचारत होते, कशाला?
टाकी रिकामी करून ठेवा, एवढंच बोललो.
छिन्नी घेतली आहे, पंचेचाळीसच्या चार पट्ट्या घेतल्या आहेत.
पुढचं वाक्य अजून जुळलेलं नाही.