सात वाजताचं हवामान

पुन्ता अरेनासमध्ये वारा सुटला की
नगरपालिका चौकात दोर बांधते.
माणसं दोराला धरून तिरकी चालतात,
बँकेत जातात, पाव आणतात,
वाकल्या मानेनंच एकमेकांना हात करतात.
अशा दिवशी कुणी ताठ उभा दिसलाच
तर मीही थांबून बघते, याला काय झालंय?

पाठ्यपुस्तकातला पहिला निकष हाच.
जे थोड्यांचं, ते अपसामान्य.
घंटेच्या आकाराचा वक्र, मधे फुगलेला,
आणि दोन्ही कडांना विरळ होत गेलेली माणसं.
पुस्तक लिहिणाऱ्यांच्या गावी वारा नसावा.

एलेउतेरिओ बार्रिया, वय एक्याऐंशी,
दीपगृहाचा निवृत्त रखवालदार.
मुलीनं आणलं. इर्मा. ओला कोट न काढताच सुरू झाली :
"रोज संध्याकाळी सातला बाबा वायरलेस लावतात
आणि आईला हवामान सांगतात.
आईला जाऊन सहा वर्षं झाली."
म्हातारा खिडकीतून सामुद्रधुनीकडे बघत बसला,
जणू बोलणं शेजाऱ्याबद्दल चाललंय.

मी फॉर्म पुढे ओढला.
रूढीला धरून आहे? नाही.
मेलेल्यांशी वायरलेसवर बोलायची रीत आमच्यात नाही.
कबरीपाशी बोलायची आहे, मेणबत्तीपाशी आहे.
किती मीटरपर्यंत चालतं, ते कुणी मोजलेलं नाही.
स्वतःला त्रास होतो? "गुडघ्याचा," तो म्हणाला.
इतरांना धोका? त्यानं मुलीकडे पाहिलं, मुलीनं बुटांकडे.
रोजचं जगणं नीट चालतं?
स्वयंपाक स्वतः करतो. विजेचं बिल वेळेवर.
नऊच्या ठोक्याला गाढ झोपतो.
"मला मात्र तीनशिवाय डोळा लागत नाही,"
इर्मा सहज बोलून गेली,
आणि तिच्यासाठी माझ्याकडे फॉर्म नव्हता.

इस्पितळानं गोळ्या सुरू केल्या.
त्या कागदावर खाली माझीही सही आहे, नाकारत नाही.

नऊ दिवस सात वाजले, नुसतेच.

दहाव्या दिवशी तीन कोळी आले,
रबरी बूट, अंगाला खेकड्यांचा वास, टोप्या हातात.
"बाई, म्हातारा बरा आहे ना?
बायकोला सांगतो ते आम्ही सगळेच ऐकतो.
नौदल सांगतं, वायव्येचा वारा, मध्यम.
तो तिला सांगतो, आज शाल घे गं,
काळ्या खडकामागून फेस उलटा येतोय.
त्या दिवशी आम्ही जाळी टाकत नाही.
नऊ दिवस होड्या धक्क्याला बांधून आहेत."

कार्यक्षमता : रकाना रिकामा.
काय लिहू इथे? लक्षण? की सेवा?
मी खोडरबर शोधत राहिले,
लिहिलेलं सगळं पेनानं होतं तरी.

मग जे पहिल्या दिवशी विचारायचं राहिलं होतं
ते विचारलं : ती उत्तर देते?
त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला,
आणि लहान पोरीला सांगावं तसं हळू आवाजात म्हणाला,
"मेलेली माणसं बोलत नाहीत, मुली.
एवढं शिकून तुला हे कुणी सांगितलं नाही?"

गोळ्या थांबल्या. इर्मा गुरुवारी येते आता, एकटी,
कोट काढून बसते.

सातला मीही वायरलेस लावते. निदानासाठी नाही.
काल तिला सांगत होता :
"उद्या वारा पडेल. दोर सोडतील.
लोक दिवसभर सवयीनं तिरकेच चालतील बघ.
हसू नकोस त्यांना."
मग खरखर.
तो थांबतो, एका उत्तराएवढा.
तेवढ्या वेळात समुद्रावरची एकही होडी
बटण दाबत नाही.