दहापैकी

जुलै आहे, म्हणून बर्फ आहे.
मोखोत्लाँगच्या वरच्या अंगाला
रस्ता संपून नुसती घोड्यांची वाट उरते,
तिथे आमचा दवाखाना: दोन खाटा, गॅसची शेगडी,
भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे.
ते मी कधी लावत नाही.
मला त्याचा फक्त सेकंदकाटा लागतो.

ती आली घोंगडीत गुंडाळलेली, घोड्यावर;
नवरा लगाम धरून पुढे.
नाव विचारलं तर सासू म्हणाली, मा-त्सेपिसो.
आमच्यात सुनेला लग्नातच असं नाव मिळतं.
त्सेपिसोची आई.
त्सेपिसो म्हणजे वचन.
पोटात कुणी नव्हतं तेव्हापासून
या नावाला ओ देत ती झऱ्यावरून पाणी आणत होती.

तीन चाळीस, म्हणजे तीन छत्तीस.
मूल झालं,
आणि खोलीत काहीच झालं नाही.

केनेउवे, टॉवेल. पूस. पाठ चोळ.
अगं जोरात, मोडत नाही ते.
नाळेच्या बुंध्याशी माझी दोन बोटं.
सहा सेकंदांत आठ ठोके, दहानं गुणून ऐंशी.
शंभराच्या आत. एक गुण.
श्वास नाही. शून्य.
हात उचलून सोडला, ओल्या फडक्यासारखा पडला. शून्य.
तळपायाला टिचकी मारली
तेव्हा कपाळावर एक बारीकशी आठी,
कुणी झोपमोड केल्यासारखी. तिचा एक.
राहिला रंग.
पुस्तकात लिहिलंय, गुलाबी.
लिहिणाऱ्यानं आमची बाळं पाहिली नसावीत.
मी ओठ उलटून बघते, जीभ बघते, तळहात.
जीभ राखेची.

दोन.
गणितात मलासुद्धा याहून बरे पडायचे.

मास्क नाकातोंडावर. पिशवी दाब, सोड, दोन, तीन.
दाब, सोड, दोन, तीन.
छाती उचलली? उचलली.
म्हणजे वाट मोकळी आहे,
चालणारं अजून निघालेलं नाही.

"रडत का नाही?" खाटेवरून.
मी हाक मारायला तोंड उघडलं
आणि ते नाव घशातच राहिलं.
कुणाची आई म्हणू तिला, या घडीला?
कार्डावर खाली, कंसात, माहेरचं होतं.
"लिपुओ," मी म्हटलं, "पडून राहा."
ती पडून राहिली.
त्या एका हाकेत तिला सगळं कळलं असणार.
मला ते नंतर उमगलं.

दाब, सोड, दोन, तीन.
केनेउवेचे ओठ माझ्याबरोबर मोजत होते, आवाज न करता.
मग बोटांखाली ठोके दाटीनं येऊ लागले,
उतार लागल्यावर घोडा आपणच पाय उचलतो तसे.
एक उचकी.
पुढे बराच वेळ काही नाही.
पुन्हा एक.
आणि मग ती चिडली.
बारीक, चिरका, न थांबणारा राग,
दाराबाहेरच्या घोड्यानंही मान हलवली,
लगामाच्या कड्या वाजल्या.

पाचव्या मिनिटाला सात.
दहाव्याला नऊ.
दहा मी कुणाला देत नाही,
तळवे अजून निळसर होते.
शेगडीशी धरून पेन गरम केलं, शाई गोठली होती.

"ऐका," खाटेवरून आवाज आला,
दमलेला, पण धार असलेला,
"ही लिपुओ कोण?"

चुकलंच, मा-त्सेपिसो.
घे.