गेज

कळमन्याच्या संत्र्यांना मी चार पट्ट्यांत बसवलं होतं :
आवक, प्रतवारी, तोल, चुकारा.
गोल म्हणजे सुरुवात, चौकोन म्हणजे काम,
शंकरपाळ्यापाशी वाट फुटते,
डाग असेल तर रसाच्या कारखान्याकडे,
नसेल तर दिल्लीची गाडी.

फाइल मिहानहून पुण्याला गेली,
तिथल्या सॉफ्टवेअरात उघडली.
दोन्ही डब्यांवर एकाच मानकाचा शिक्का,
आवृत्तीचा आकडासुद्धा तोच.
तिकडे बसवलेल्या आपल्या निमजेचा फोन :
"शंकरपाळे आले मॅडम, आतला प्रश्न नाही आला जी.
बाण हवेतच लटकून राह्यले.
अन् मराठीच्या जागी नुसत्या डब्या डब्या."

मानक पुन्हा काढलं. पाचशेवर पानं.
त्यात 'असलेच पाहिजे' आहे, 'असावे' आहे,
आणि या दोहोंमध्ये एक मोकळी जागा,
जिथे प्रत्येक कंपनीनं
आपापली खाट टाकली आहे.

बाबांना काय सांगणार?
म्हटलं, इकडचं तिकडे जात नाही.
खर्रा घोटता घोटता हसले.
"म्हणजे इतवारीच की.
नागभीडची गाडी अडीच फुटी, मोठी साडेपाच फुटी.
दोन्ही लोखंडाच्या, दोन्ही सरकारच्या.
मधात फलाट. फलाटावर आमी.
धानाचं पोतं इकडून उचला, तिकडं ठेवा.
शंभरात एखादं फुटायचंच.
ते कोन्या कागदावर नव्हतं,
पन माहीत साऱ्यायले होतं."

पन्नी दोन बोटांत फिरवत राहिले थोडा वेळ.
"रुंद रूळ येनार म्हनून सायबानं पेढे वाटले.
आमी बी खाल्ले."

मंगळवारी समितीची बैठक आहे :
मोकळी जागा बुजवावी की राहू द्यावी.
माझंही मत मागवलंय, दोन ओळींत.
ते अजून लिहिलेलं नाही.
रात्रीचे साडेअकरा, मी एकेक बाण
या खिडकीतून उचलते, त्या खिडकीत ठेवते.
सदतीस होते.
छत्तीस भरले.

तोल आणि चुकारा यांच्या मधला
कुठेतरी सांडला होता,
आणि पुण्याचं सॉफ्टवेअर म्हणत होतं :
त्रुटी नाहीत.