साडेसहाच्या अलीकडे

लष्करात, चिटणिसांच्या गोटात, तिसऱ्या मजल्यावर
कूलरच्या घरघरीत मी एका मेलेल्या ताऱ्याचे फोटॉन मोजते आहे.
एक लाख दहा हजार सेकंद उपग्रह टक लावून होता,
हाती आलं ते इतकंच:
कुठला कण, किती वाजता, केवढ्या ऊर्जेचा.
दानाओलीतल्या वाण्यासारखा
सुट्या पैशांचा हिशेब.

आईला एक्स-रे म्हणजे छाती.
'श्वास धरून ठेवा' म्हणणारं तिथे कुणी नसतं गं.
उजेड आपण टाकत नाही,
ती राखच अजून तापलेली आहे, कोट्यवधी अंश,
आणि तीच बोलते.
"मेल्यावर?"
मेल्यावरच.

कसा मेला, एवढंच शोधायचं.
शेजाऱ्याचं ओढून घेता घेता
भार न पेलून फुटला एखादा पांढरा खुजा,
की थोरला कुणी आतल्या आत कोसळला
आणि जाताना सगळं घर अंगणात भिरकावून गेला?
सिलिकॉन दोघांकडे. गंधकही.
निकाल लोखंडावर अडलेला.
त्याची रेघ साडेसहाच्या अलीकडे पडली तर खुजा,
पलीकडे सरकली तर थोरला.

"साडेसहाला काय आहे?" स्वयंपाकघरातून.
काही नाही, ऊर्जा आहे ती.
"मग चल. मंडळात बारसं आहे."

बारशाला साताऱ्याच्या एक बाई.
आडनाव विचारून झालं, तरी डोळे बारीकच:
"ते ठीक. पण मूळचे कुठले?"
या प्रश्नाची मी आजवर चार उत्तरं देऊन पाहिली आहेत.
वाईकडचे असावेत, असं आजोबा म्हणायचे,
असावेत, म्हणायचे.
तळ पडला तो उठलाच नाही;
राहुट्यांच्या जागी गल्ल्या आल्या,
गल्ल्यांत आम्ही.
"इथलेच हो," मी म्हणते, खुर्ची पुढे करते,
"उभ्या का? बसून जा ना."
बाई हसतात.
त्यांच्या कानात एक रेघ उमटलेली मला दिसते,
जराशी सरकलेली.

रात्री वीज गेली. बॅटरीवर आकडा आला:
सहा पूर्णांक बावन्न शतांश,
चूक चार शतांशांची, दोन्हीकडे.
म्हणजे उंबरठ्यावर. एक पाय आत, एक बाहेर.
सरांना कळवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं:
मँगनीज बघ. थोडंच असतं.

लोखंडाच्या पायथ्याशी, सहाच्या किंचित अलीकडे
उंचवटा आहे एक, नखाएवढा.
आहे,
की मला हवा आहे म्हणून आहे?
डोळे चोळून पुन्हा पाहते. घामाने बोट पडद्यावर चिकटतं.

"किती वाजले बघ," आई अंधारातून,
"झोपून जा आता."

हो, म्हणते.
आणि अर्जाच्या रिकाम्या चौकटीत भरते:
आणखी दोन लाख सेकंद.