मुदत

मुदत हा शब्द माझ्यासाठी आधीपासून धाकाचा.
वीजबिलाखाली लाल अक्षरांत मुदत,
घरमालक दारात उभा राहून द्यायचा ती मुदत,
बाबांच्या खोकल्याच्या बाटलीवर
पुसट छापलेली, कधीच संपून गेलेली.
म्हणून गोळीबार चौकातल्या शाखेत
गजभिये मॅडमनी अर्ज सरकवत विचारलं,
"किती मुदतीसाठी, पराते बाई?"
तेव्हा मी जरा वेळ गप्पच राहिले.
या खेपेला मुदत मला कुणी देत नव्हतं.
मी देत होते. बँकेला.

वीस हजार होते.
फॉल-पिकोची मजुरी साठ रुपये,
म्हणजे तीनशे तेहतीस साड्या
आणि वरचे वीस.
त्यांत जरीपटक्याच्या एका नवरीचा शालू होता,
तिनं तो तीनदा उसवून घेतला.
वरचे वीस कुठले, आठवत नाही.

मे महिना. कुलर नुसताच खडखडत होता.
मॅडमनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला:
सात टक्के, पाच वर्षं,
दर तीन महिन्यांनी व्याज मुद्दलात मिसळणार,
मग त्या व्याजालाही व्याज.
अठ्ठावीस हजार दोनशे शहाण्णव.
"आन् मधी लागले तं?"
"मधी मोडली तं व्याज कमी भेटते, बाई.
मुद्दल कुठी जात नाही."

एवढं मला समजतं. मी कोष्ट्याची पोर.
बाबा दिवसभर धोटा फेकायचे, इकडून तिकडे,
बघत बसलं तर काही वाढताना दिसायचं नाही,
संध्याकाळी वीत-दीड वीत.
नवव्या हाताला कापलं
तरी सूत सुतच राहतं,
पण त्याला लुगडं म्हणत नाहीत.

त्याच उन्हाळ्यात आमच्या तांडापेठेत
मोरेश्वर अठरा महिन्यांत दामदुप्पट देत होता.
काचेचं ऑफिस, गार पाणी,
पैसे भरणाऱ्याला संत्रा बर्फीचा तुकडा.
नणंदेनं पोहेहार मोडला.
मला म्हणाली, "तू बावळट आहेस, इंदू."
दिवाळीनंतर तिथं कुलूप,
आणि काचेआड बर्फीच्या डब्याला मुंग्या.
ती अजूनही त्या बाजूनं जात नाही,
चितारओळीतून वळसा घालून येते.
मी तिला कधी काही बोलले नाही.
(मनात बोलले.)

बँक बुडाली तरी पाच लाखांपर्यंत विमा असतो,
मॅडम म्हणाल्या होत्या.
माझ्या वीस हजारांवर केवढी ही छत्री!
वारसाच्या रकान्याशी मात्र पेन अडलं.
शेवटी भाचीचं नाव लिहिलं.
ती काजं फार सुबक करते.

तिसऱ्या वर्षी मोडायला गेले होते, खोटं कशाला सांगू.
नवऱ्याचा मोतीबिंदू.
मॅडमनी पावती हातात घेतली, परत दिली:
"मोडता काहून? हिच्यावरच उचल घ्या."
आठ हजार घेतले, अकरा महिन्यांत फेडले,
त्या अकरा महिन्यांत
रात्री मशीनचा आवाज शेजारी झोपू देत नसे.
नवऱ्याला आता सुईचं नेढं दिसतं. ओवून देतो.

पावती बॉबिनच्या डब्यात होती, दोऱ्यांखाली.
डबा उघडला की दिसायची,
आणि आईचा आवाज यायचा.
लहानपणी डब्यातल्या लाडवाला हात लावला
की ती चुलीपासूनच म्हणायची:
ठेव.

मुदत संपली ती रविवारी.
बँक बंद. तरी मी चौकापर्यंत जाऊन आले.
सोमवारी मॅडम नव्हत्या, बदली झाली होती.
नव्या पोरानं मान वर न करता विचारलं,
"काढायचे की पुन्हा ठेवायचे?"
पाच वर्षांत तूरडाळही बसून राहिली नव्हती,
तिचा हिशेब मी येताना रस्त्यातच केला होता.
श्रीमंत कुणी होत नाही यानं.
वरचे आठ हजार दोनशे शहाण्णव घेतले,
पिको मशीनला नवी मोटर बसवायची म्हणून.
"आणि बाकीचे?"

मी त्याच्याकडे पाहिलं.
माझ्या भाचीएवढाच असेल.
म्हटलं, "ठेव."