रुंदी नसलेलं अक्षर

वादी कबीरमधल्या गाळ्यात, गळक्या एसीखाली बादली ठेवून
मी मंडळाची स्मरणिका वेबपानांवर उतरवतेय.
शहाण्णव सालची. ज्या फॉन्टात जुळवली
तो बनवणारी कंपनी आता नाही.
कळफलकाचा तक्ता तेवढा उरलाय, पुठ्ठ्यावर डकवलेला,
‘क्ष’च्या जागी चहाचा डाग.

फाइल उघडली की आधी नुसती इंग्रजी मुंग्यांची रांग.
कन्व्हर्टर फिरवला की मराठी होते,
पण नुकत्या शुद्धीवर आलेल्या माणसासारखी.
ऱ्हस्व वेलांटी आधी लिहायची आणि मागून म्हणायची,
हे यंत्राला पटत नाही; ती एक घर चुकून बसते.
रफार शेजारणीच्या डोक्यावर.
कडेला शब्द तोडणारी रेघ आता ओळीच्या मधोमध: मस-कत.
आणि एका श्रद्धांजलीच्या पोटात
पान क्रमांक सत्तेचाळीस.

माझ्या विंडोजवर नीट केलं,
तर घस्सानच्या मॅकवर जोडाक्षरांचे पाय मोडलेले.
तिथं बसवलं, तर खाली पार्सलं उतरवणाऱ्या शाकिरच्या फोनवर
प्रत्येक पोरक्या मात्रेला टेकायला
ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ.
घस्सान उजवीकडून वाचणारा माणूस.
म्हणाला, मला तर सगळंच सुरेख दिसतंय,
दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं.
मी म्हटलं, बघ ना, इथं चिमटा निसटलाय.

मग त्र्यंबक सणस आले.
घुब्राच्या प्लांटवर ऑपरेटर, खाऱ्याचं गोडं पाणी करणारे.
नावाचेच चार तुकडे झालेले, ते आधी सांधले.
खाली लेख:
‘आमच्या गावाभोवती दर्या आहेत.
सकाळी दर्यांत धुकं उतरतं.
गुरं दिवसभर दर्यांत चरतात.’

गुरं?

दऱ्या होत्या त्या.
‘र’ची ती आडवी पापणी टिकावी म्हणून
कन्व्हर्टरनं तिच्या पाठीशी एक अक्षर ठेवलं होतं,
न दिसणारं, रुंदी शून्य, नुसतं धरून ठेवण्यापुरतं.
चढवताना सर्व्हरनं ते केर समजून झाडलं
आणि जावळीच्या सबंध खोऱ्यात
समुद्र भरला.

एका फटक्यात सगळीकडे पापण्या लावल्या.
लगेच सूऱ्य उगवला, काऱ्य सिद्धीस गेलं,
आणि प्रवचनाला आलेल्या आचार्यांचे
फोटोखाली आचारी झाले.
परत फिरवलं.
मग एकेक वाचत गेले. एकशे बारा जागा.
नुक्ता असलेला ‘ऱ’ घातला, ज्याला कुणी धरावं लागत नाही.
तिन्ही पडद्यांवर पाणी ओसरलं.

राहिला मथळा. ‘दर्या आणि मी’.
छापील प्रत काढली. तिथंही दर्याच.
पण मथळ्याच्या त्या नक्षीदार टायपात
पापणी नव्हतीच मुळी;
तेव्हाच्या जुळाऱ्यानं असेल ते बसवून दिलं असेल.

मेणवलीला फोन लावला. सणसबाई म्हणाल्या,
‘दर्याला ते भ्यायचे हो. सव्वीस वर्षं काठावर नोकरी,
पाऊल म्हणून बुडवलं नाही.’
मी ‘ऱ’ टाकला.
थोड्या वेळानं वाटलं,
ज्याला भ्यावं त्याच्यावरच तर माणूस लिहायला बसतो.
काढला.
पुन्हा टाकला.

घस्सान दिवे मालवायला आला. झालं का सगळं?
म्हटलं, एक सोडून.
मथळा छापलाय तसा राहू दिला.

बादली काठोकाठ भरली होती.
खाली नेऊन दारातल्या बोगनवेलीला ओतली.
गोडं असतं ते पाणी.